शेफील्डच्या बायकांनी युद्धात नेमकं काय काम केलं? सविस्तर उत्तर

आधी प्रश्न थोडक्यात सांगते म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. शेफील्डला शिकायला आलेल्या एका मराठी मुलीनं तिथल्या सिटी हॉलसमोर, बार्कर्स पूल नावाच्या चौकात, हातात हात घालून चालणाऱ्या दोन बायकांचा ब्राँझचा पुतळा बघितला आणि तिला तीन गोष्टी विचारायच्या आहेत. या बायकांनी खरंच पोलाद बनवलं का? कारखान्याबाहेर त्या काळात बायका स्वयंसेवा म्हणून काय करायच्या? आणि तिच्या घरमालकीणबाईंची आई युद्धात क्रेन चालवायची असं घरात सांगतात पण एकही कागद हातात नाही, तर शोध कुठून सुरू करायचा?

मी बरीच वर्षं उत्तर इंग्लंडमधल्या कारखान्यांच्या शहरांतल्या म्हाताऱ्या माणसांच्या मुलाखती रेकॉर्ड करते आणि त्या आर्काइव्हमध्ये नीट लावायचं काम करते, त्यामुळे हा विषय माझ्या रोजच्या कामाचा आहे. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते कारण बाकी सगळं तिच्यावर उभं आहे. कारखान्यातली बाई आणि स्वयंसेवक बाई अशा दोन वेगळ्या बायका डोक्यात ठेवू नकोस. कित्येकदा ती एकच बाई असायची, तिचे तेच चोवीस तास, फक्त तिच्या कामाच्या नोंदी वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या वह्यांत केल्या म्हणून आज आपल्याला ती दोन तुकड्यांत दिसते, आणि तिसरा तुकडा, म्हणजे घर, तो तर कुठल्याच वहीत नाही.

आता पुतळ्याबद्दल. तो १७ जून २०१६ ला उभा राहिला, शिल्पकार मार्टिन जेनिंग्ज. दोन्ही महायुद्धांत शेफील्डच्या कारखान्यांत राबलेल्या बायकांसाठी आहे तो. पण तो सरकारनं आपणहून बसवलेला नाही हे लक्षात घे. २००९ साली कॅथलीन रॉबर्ट्स नावाच्या बाईंनी स्थानिक पेपरला, 'शेफील्ड स्टार'ला, फोन करून विचारलं की लँड आर्मीच्या, म्हणजे युद्धात शेतावर राबलेल्या, बायकांची दखल घेतली, मग आमचं काय, आणि मग किट सॉलिट, रूबी गॅसकॉइन, डोरोथी स्लिंग्जबी या तिघी त्यांच्यासोबत आल्या. चौघीही त्या वेळी ऐंशीच्या पुढच्या. या चौघींनी आणि पेपरनं मिळून मोहीम चालवली, लोकांनी पैसे जमवले, आणि युद्ध संपून सत्तर वर्षं उलटल्यावर तो पुतळा झाला. मला ती सत्तर वर्षं फार खुपतात. ज्या बायका पन्नाशीत, साठीत गेल्या त्यांना हे बघायलाच मिळालं नाही.

पहिला प्रश्न, पोलाद बनवलं का. याचं उत्तर द्यायला थोडं मागे जायला लागेल, कारण "युद्धानं बायकांना घराबाहेर काढलं" हे जे वाक्य सगळीकडे वाचायला मिळतं ते शेफील्डच्या बाबतीत मला अजिबात पटत नाही. शेफील्ड म्हणजे चाकू, सुऱ्या, काटे, चमचे, आणि या सगळ्याला चकाकी आणायचं काम पिढ्यान्‌पिढ्या बायकाच करत होत्या. त्यांना बफर गर्ल म्हणतात. फिरत्या चाकावर चमचा दाबून धरायचा, तेल आणि बारीक वाळूचा काळा लगदा अंगभर उडायचा, म्हणून पायाला तपकिरी कागद नाहीतर वर्तमानपत्र गुंडाळून दोरीनं बांधायच्या, डोक्याला लाल रुमाल, वर पांढरा झगा जो तासाभरात काळा व्हायचा. याच शहरात कानशी बनवण्याच्या धंद्यातही बायका होत्या. म्हणजे धातू, मशीन, धूळ, तुकड्यावर मिळणारी मजुरी, हे सगळं इथल्या कामगार घरातल्या मुलीला नवं नव्हतं. आई हे करायची, मावशी हे करायची. लग्न झाल्यावर बऱ्याच जणी सोडायच्या आणि पैशाची ओढाताण झाली की परत जायच्या.

नवं काय होतं तर जड पोलादाचे कारखाने. तिथं पुरुषांचं राज्य. तो दरवाजा पहिल्यांदा पहिल्या महायुद्धात उघडला. शेफील्ड आणि रॉदरहॅमच्या मधे टेंपलबरो म्हणून जागा आहे, तिथं थॉमस फर्थ कंपनीच्या देखरेखीखाली तोफगोळ्यांचा प्रचंड मोठा सरकारी कारखाना उभा राहिला आणि त्यात हजारो बायका लेथवर गोळ्यांचं टर्निंग, म्हणजे धातू फिरवत कापून आकार देण्याचं काम, करत होत्या. २५ सप्टेंबर १९१६ च्या रात्री झेपेलिन या जर्मन हवाई जहाजानं शेफील्डवर बाँब टाकले, २८ माणसं गेली, त्यात बायकामुलं बरीच, आणि ती कामगार वस्तीतली. युद्ध संपलं, १९१९ ला कायदा झाला की युद्धापूर्वीची कामाची पद्धत परत आणायची, आणि बायका बाहेर. हे लक्षात ठेव कारण पंचवीस वर्षांनी जवळजवळ तसंच परत घडलं.

इथे एक छोटी दुरुस्ती, कारण माझ्याकडे येणाऱ्या फोटोंत हा घोळ कायम असतो. टीएनटी या स्फोटकामुळे कातडी पिवळी पडलेल्या ज्या बायकांबद्दल आपण वाचतो त्या गोळ्यांत दारू भरण्याच्या कारखान्यांतल्या. लीड्सजवळच्या बार्नबोमध्ये ५ डिसेंबर १९१६ ला स्फोट होऊन ३५ बायका गेल्या तो तसला कारखाना. शेफील्डचं मुख्य काम गोळ्याचं कवच, तोफेची नळी, चिलखती पत्रा, इंजिनाचे भाग, म्हणजे धातूचं. धोका तिथेही होता पण वेगळा, भाजणं, चिरडणं, बोटं जाणं, कान जाणं.

आता दुसरं महायुद्ध. शहराच्या पूर्वेला डॉन नदीच्या काठानं अ‍ॅटरक्लिफ, ब्राइटसाइड, टिन्सलीपर्यंत मैलोन्‌मैल कारखाने, हॅडफील्ड्स, फर्थ ब्राऊन, इंग्लिश स्टील कॉर्पोरेशन आणि त्यांना लागून कामगारांच्या चाळवजा घरांच्या रांगा. इंग्लिश स्टीलच्या रिव्हर डॉन कारखान्यात एक अजस्र ड्रॉप हॅमर, म्हणजे वरून आदळणारा यांत्रिक हातोडा, होता आणि स्पिटफायर, हरिकेन या लढाऊ विमानांमधल्या रोल्स-रॉइस मर्लिन इंजिनाची क्रँकशाफ्ट, म्हणजे मुख्य फिरता दांडा, घडवू शकेल असा तो युद्धाच्या सुरुवातीला देशात एकटाच होता असं शेफील्डची माणसं आजही अभिमानानं सांगतात. पुढे १० टनी ग्रँड स्लॅम बाँबची कवचंही याच शहरात ओतली गेली, एक नमुना केलम आयलंड म्युझियममध्ये आहे, जाऊन बघ, नुसतं वाचून त्याचा आकार डोक्यात येत नाही.

एवढं काम करायला माणसं कुठून आणायची? अर्नेस्ट बेव्हिन तेव्हा कामगारमंत्री. एप्रिल १९४१ पासून बायकांना नोंदणी सक्तीची झाली, आधी विशीतल्या, मग हळूहळू वय वाढवत १९४३ पर्यंत थेट पन्नाशीपर्यंत. डिसेंबर १९४१ च्या कायद्यानं वीस ते तीस वयाच्या अविवाहित मुलींना सक्तीनं बोलावता यायला लागलं, सैन्याच्या मदत दलात जा नाहीतर कारखान्यात जा नाहीतर नागरी संरक्षणात. चौदा वर्षांखालचं मूल घरी असलेल्या आईवर सक्ती नव्हती. आणि ज्यांच्यावर घराची जबाबदारी आहे त्यांना दुसऱ्या गावी पाठवायचं नाही असा नियम होता. याचा परिणाम शेफील्डसारख्या शहरात काय झाला बघ, ज्या बायका घर सोडून जाऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी युद्धाचं काम रस्ता ओलांडला की समोरच होतं, म्हणून विवाहित, पस्तिशी-चाळिशीच्या बायका इथे कारखान्यांत मोठ्या संख्येनं आल्या. पोस्टरवरच्या तरुण मुलीचं चित्र आपल्या डोक्यात बसलंय पण मुलाखतींत मला त्यांच्या आयाही तितक्याच भेटतात.

काम काय? भट्टीवरचा मुख्य मेल्टर, म्हणजे नुसता रंग बघून पोलाद तयार झालं की नाही ते सांगणारा माणूस, तो पुरुषच राहिला, ते कौशल्य यायला वर्षं लागायची आणि त्या माणसांना सैन्यात जाण्यापासून सूट होती. म्हणून "पोलाद बनवलं का" याचं अगदी काटेकोर उत्तर "भट्टीच्या तोंडाशी उभं राहून फारसं नाही" असं आहे. पण हे उत्तर अर्धवट आहे आणि ते तेवढंच सांगणाऱ्यावर मला रागच येतो. कारण वितळलेल्या पोलादानं भरलेली लॅडल, म्हणजे अवाढव्य बादली, हलवायची कोणी? लाल तापलेला इन्गॉट, म्हणजे पोलादाचा ठोकळा, भट्टीतून हातोड्याखाली आणायचा कोणी? क्रेनवाल्यानं. आणि त्या क्रेनवर बायका होत्या. शॉपच्या, म्हणजे कारखान्यातल्या कामाच्या शेडच्या, दोन्ही बाजूंनी उंचावर रूळ, त्यावर सरकणारा पूल, त्याला टांगलेली छोटी केबिन, वर जायला उभी लोखंडी शिडी. खालून स्लिंगर, म्हणजे भार साखळीला बांधणारा माणूस, हाताच्या खुणा करणार आणि वरून हिनं त्या धुरातून ओळखून भार उचलायचा, थोडा झोका जास्त बसला तर खालची माणसं गेली. गरम हवा वर चढते म्हणजे सगळी उष्णता, सगळा धूर तिच्या केबिनमध्ये. त्यात ब्लॅकआउटमुळे छपराच्या काचा रंगवून बंद केलेल्या, रात्री भट्टीचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून, त्यामुळे दिवसाही अंधार आणि वारा नाही. वर संडास नाही. खाली उतरून जाऊन परत चढायला वेळ लागतो आणि तेवढा वेळ सगळं शॉप थांबतं. मुलाखतीत ही गोष्ट बायका स्वतःहून सांगत नाहीत, लाजतात, पण विचारलं की थांबत नाहीत. दिवसभर पाणीच प्यायचं नाही हा बहुतेकींचा उपाय असायचा.

क्रेनशिवाय लेथवर टर्निंग, ड्रिलिंग, रोलिंग मिलमध्ये चिमट्यानं तापलेल्या सळ्या फिरवणं, गेज लावून तपासणी, वेल्डिंग, रिव्हेटिंग, भट्टीच्या विटांचं काम, माल चढवणं-उतरवणं, झाडलोट. बारा-बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. आवाज इतका की एकमेकींच्या ओठांवरून बोलणं ओळखायला शिकल्या. केस मशीनमध्ये अडकू नयेत म्हणून डोक्याला घट्ट रुमाल, तो पुतळ्यावरही आहे. जून १९४० पासून बीबीसीनं कामगारांसाठी दिवसातून दोनदा गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला, लेथच्या शॉपमध्ये तो लावायचे, हातोड्याच्या शॉपमध्ये लावून काय ऐकू येणार.

पगाराबद्दल जरा सविस्तर सांगते कारण इथेच सगळी चावी आहे. मे १९४० मध्ये इंजिनिअरिंगच्या मालकांची संघटना आणि एईयू ही इंजिनिअरिंग कामगारांची युनियन यांच्यात करार झाला. बाई पुरुषाच्या जागी काम करायला लागली की सुरुवातीला तिला बायकांचा दर, मग टप्प्याटप्प्यानं वाढ, आणि ३२ आठवड्यांनी पुरुषाचा पूर्ण दर, पण एक अट, ती जादा देखरेख किंवा मदत न घेता काम करत असली पाहिजे. ही अट म्हणजे मालकांना मोकळं रान होतं. टूल सेटरनं, म्हणजे मशीनची हत्यारं बसवून देणाऱ्या कारागिरानं, येऊन मशीन लावून दिलं, झाली मदत. जड नग उचलायला कोणी हात लावला, झाली मदत. शिवाय जे काम "बायकांचं" म्हणून ठरलेलं त्याला हा करार लागूच नाही, आणि कुठलं काम बायकांचं यावर तर रोज वाद. पूर्ण दर फार थोड्या जणींना मिळाला. धातू आणि इंजिनिअरिंगच्या धंद्यात बायकांची सरासरी कमाई पुरुषांच्या निम्म्याच्या आसपास राहिली. आणि एईयूनं स्वतः बायकांना सभासद करून घ्यायला जानेवारी १९४३ उजाडला. १९४३ च्या शेवटाला ग्लासगोजवळच्या हिलिंग्टनच्या रोल्स-रॉइस कारखान्यात बायकांनी याच मुद्द्यावर संप केला, म्हणजे हे फक्त शेफील्डचं दुखणं नव्हतं.

आणि घरी? रेशन जानेवारी १९४० पासून. रांगा लावल्याशिवाय काही मिळत नाही आणि पाळी सुटेपर्यंत दुकानं बंद. मालक लोक तक्रार करायचे की बायकांची गैरहजेरी जास्त, अरे पण तिला आठवड्यातून एकदा तरी रांगेत उभं राहावंच लागणार ना, नाहीतर घरात खाणार काय. सरकारी पाळणाघरं हळूहळू निघाली, १९४४ पर्यंत देशभरात दीड हजाराच्या आसपास, पण ती एकूण गरजेच्या मानानं तोकडी आणि रात्रपाळीला तर उपयोग नाहीच. मग पोरं आजीकडे, शेजारणीकडे. त्यात शेफील्डमधून मुलांना गावाकडे सुरक्षित जागी पाठवण्याचं प्रमाण बरंच कमी होतं, आयांनी मुलं जवळच ठेवली, बाँबहल्ल्याचं लक्ष्य असलेल्या शहरात. शेजारणीनं चार घरांची पोरं सांभाळली म्हणून चार बायका लेथवर जाऊ शकल्या, मग त्या शेजारणीचं काम युद्धाचं काम नाही का? माझ्या मते आहे, आणि ते सगळ्यात जास्त हरवलेलं आहे.

मग १२ डिसेंबर १९४० ची रात्र आली, आणि परत १५ ची. शेफील्ड ब्लिट्झ, म्हणजे शहरावरचे जर्मन हवाई हल्ले. दोन रात्रींत ६६० हून जास्त माणसं मेली, सुमारे ४०,००० बेघर झाली. पहिल्या रात्री नऊ तास बाँब पडत होते, शहराचं मध्य, हाय स्ट्रीट, द मूर, सगळं पेटलं. फिट्झअ‍ॅलन स्क्वेअरमधल्या मार्पल्स हॉटेलच्या तळघरात आसऱ्याला थांबलेली सत्तरएक माणसं एका बाँबमध्ये गेली. कारखान्यांचं नुकसान त्या मानानं कमी झालं, म्हणजे दुसऱ्या दिवशी काम चालू. ट्राम बंद, रस्त्यात विटांचे ढीग, गॅस नाही, पाणी नाही, आणि बायका चालत चालत पाळीवर गेल्या. मुलाखतींत हे इतक्या साध्या सुरात येतं की ऐकणाऱ्याचं लक्षच जात नाही. "गेलो, न जाऊन कसं चालेल" एवढंच.

इथे तुझा दुसरा प्रश्न येतो, स्वयंसेवा. सरकारनं हवाई हल्ल्याची तयारी करताना मृतदेहांचा विचार केला होता, शवपेट्यांचा केला होता, पण जिवंत राहिलेल्या आणि घर गेलेल्या हजारो माणसांचा विचार फारच कमी केला होता. १९४० च्या हिवाळ्यात एकामागून एक शहरात हे उघडं पडलं. शाळांत, चर्चच्या हॉलमध्ये रेस्ट सेंटर उघडली आणि तिथे ब्लँकेट, चहा, सूप, कोरडे कपडे, हरवलेल्या माणसांच्या याद्या, नवीन रेशनबुक कुठे मिळेल याची माहिती, हे सगळं उभं केलं ते बहुतांश बायकांनी, विनापगार. यातली सगळ्यात मोठी संघटना म्हणजे डब्ल्यूव्हीएस, वीमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिसेस. १९३८ साली गृहमंत्र्यांच्या सांगण्यावरून लेडी रेडिंग यांनी सुरू केली आणि ऐन युद्धात तिच्या सभासद दहा लाखांच्या घरात गेल्या. हिरव्या-करड्या रंगाचा गणवेश, तो स्वतःच्या पैशानं घ्यायचा.

त्यांच्या कामाची यादी वाचली की थक्क व्हायला होतं. मुलांना गावी पोचवणं, फिरतं कँटीन चालवणं, लहान मुलांच्या कपड्यांची अदलाबदल (१ जून १९४१ पासून कपड्यांनाही कूपन लागायला लागली, आणि पोरं तर वाढतातच), कागद-हाडं-भंगार गोळा करणं, १९४० च्या उन्हाळ्यात विमानांसाठी म्हणून घराघरातून अ‍ॅल्युमिनियमची भांडी जमवणं. सैन्यासाठी छद्मावरणाच्या जाळ्या विणणं हे एक काम ऐकायला हलकं वाटतं, पण रंगवलेल्या पट्ट्या जाळीत ओवताना रंग आणि धूळ नाकातोंडात जायची, खोकत खोकत करायचं काम ते. मला स्वतःला सगळ्यात मोलाची वाटते ती त्यांची हाउसवाइव्ह्‌ज सर्व्हिस. ज्या बाईला लहान मूल आहे, म्हातारी सासू आहे, जी गल्ली सोडून जाऊ शकत नाही, तिनं आपल्या गल्लीची नोंद ठेवायची. कुठल्या घरात किती माणसं, कोण झोपतं कुठे, जिन्याखाली की अंगणातल्या शेल्टरमध्ये, कोणाला ऐकू येत नाही, कोण अंथरुणाला खिळलेलं. बाँब पडला की ढिगारा उपसणाऱ्यांना ती सांगणार, इथे खणा, इथे कोणी नाही. यानं माणसं वाचली.

आता जरा अवघड भाग. शेफील्डची रचना अशी की वारा पश्चिमेकडून येतो म्हणून धूर पूर्वेला जातो, म्हणून पैसेवाले पश्चिमेच्या टेकड्यांवर, रॅनमूर, फुलवूड, एक्लसॉल, आणि कामगार पूर्वेला धुरात. गणवेश विकत घेऊ शकणारी, दुपारी मीटिंगला जाऊ शकणारी, टेलिफोन आणि कधीकधी मोटार असणारी बाई पश्चिमेची. साहजिकच अशा संघटनांच्या समित्यांवर त्यांची नावं जास्त दिसतात, फोटोही त्यांचे. त्यांनी काम केलं, मनापासून केलं, यात मला शंका नाही. पण त्यावरून पश्चिमेच्या बायकांनी स्वयंसेवा केली आणि पूर्वेच्या बायकांनी पगारी नोकरी असा जो निष्कर्ष लोक काढतात तो साफ चुकीचा आहे. पूर्वेच्या बाईनं गल्लीत राष्ट्रीय बचतीचे पैसे घरोघर जाऊन गोळा केले, पाळी संपल्यावर लोकरीचे मोजे विणले, बाँब पडलेल्या घरातल्या पाच जणांना आपल्या दोन खोल्यांत ठेवून घेतलं, फर्स्ट एडचं शिकून रात्री पोस्टवर बसली. फक्त तिनं ते कुठे लिहून ठेवलं नाही, आणि विचारलं तर ती त्याला स्वयंसेवा म्हणतही नाही.

त्यातच ऑगस्ट १९४२ पासून वीस ते पंचेचाळीस वयाच्या बायकांना फायर गार्डची ड्यूटी लागू झाली, म्हणजे रात्री कारखान्याच्या नाहीतर ऑफिसच्या छपरावर आग लावणारे बाँब पडतात का बघत जागायचं, हातात वाळूची बादली आणि हातपंप. दिवसभर लेथवर आणि रात्री छपरावर. आणि गंमत नाही, संतापाची गोष्ट आहे, की त्या छपरावर बाई आणि पुरुष दोघं जखमी झाले तर नुकसानभरपाई बाईला कमी मिळायची. यावर पार्लमेंटमध्ये खासदार मेव्हिस टेट यांनी पाठपुरावा केला, बाहेर बायकांच्या संघटनांनी रान उठवलं आणि १९४३ मध्ये भरपाई समान झाली. पगार मात्र झाला नाही. मार्च १९४४ ला शिक्षिकांना समान पगार द्यायची दुरुस्ती पार्लमेंटमध्ये एका मतानं मंजूर झाली तर चर्चिल यांनी तो विश्वासदर्शक ठरावाचा प्रश्न करून ती फिरवली.

युद्ध संपलं तेव्हा काय झालं हे तू विचारलं नाहीस पण सांगायलाच हवं. १९४२ मध्येच कायदा करून ठेवला होता की युद्धापूर्वीच्या पद्धती परत आणायच्या, तो १९१९ सारखाच. परत येणाऱ्या पुरुषांना काम मिळायला हवं होतं, ते रास्तच होतं. पण ज्या तऱ्हेनं बायकांना काढलं ते रास्त नव्हतं. तुमची गरज संपली अशी दोन ओळींची चिठ्ठी, कुठे तीही नाही. साधा आभाराचा शब्द नाही मिळाला ही तक्रार मी इतक्या वेगवेगळ्या बायकांकडून ऐकली आहे की तो योगायोग असूच शकत नाही. काही जणी खूष होत्या सुटल्या म्हणून, हेही खरं, बारा तासांची पाळी कोणाला हवी असते. काही जणी परत बफिंगच्या चाकावर गेल्या. आणि काहींना ते क्रेनचं काम मनापासून आवडायचं, त्या वरून खाली कायमच्या उतरल्या तेव्हा त्यांचं काहीतरी गेलं, आणि ते कोणी विचारलंच नाही.

आता तिसरा प्रश्न, घरमालकीणबाईंच्या आईचा शोध. सगळ्यात आधी १९३९ चं रजिस्टर बघ. २९ सप्टेंबर १९३९ ला ओळखपत्रांसाठी देशभर माणसांची नोंद केली, नाव, जन्मतारीख, पत्ता, धंदा. पुष्कळ बायकांच्या नावापुढे "विनापगार घरकाम" अशा अर्थाची एकच ओळ असते, त्यानं निराश होऊ नको, ती युद्धाच्या चौथ्या आठवड्यातली नोंद आहे, क्रेनवर ती नंतर गेली असणार. नावावर रेघ मारून वर दुसरं आडनाव लिहिलेलं दिसलं तर ते लग्नानंतरचं, हे रजिस्टर पुढे आरोग्यसेवेनं कित्येक वर्षं वापरलं म्हणून तसं. आणि उजव्या पानाची कड मुद्दाम बघ, तिथे बऱ्याचदा हवाई हल्ला संरक्षण, नर्सिंग, डब्ल्यूव्हीएस अशी स्वयंसेवेची नोंद बारीक अक्षरात असते. मी सुरुवातीला जे म्हटलं ना, एका बाईचे दोन तुकडे, ते या एका पानावर कधीकधी शेजारी शेजारी सापडतात.

त्यानंतर शेफील्ड सिटी आर्काइव्हज. कारखान्यांचे कागद तिथे आहेत, पण कामगारांची यादी मिळेलच अशी आशा ठेवू नको, कंपन्यांनी हिशोब जपले, माणसांच्या वह्या कमी जपल्या. कारखान्यांची अंतर्गत मासिकं आणि फोटोंचे अल्बम जास्त उपयोगी पडतात. डब्ल्यूव्हीएसच्या शाखा दर महिन्याला कामाचा अहवाल पाठवायच्या, ते अहवाल विल्टशरमधल्या डिव्हायझेसला रॉयल व्हॉलंटरी सर्व्हिसच्या (डब्ल्यूव्हीएसचंच आजचं नाव) संग्रहात आहेत आणि सुरुवातीच्या वर्षांचे बरेच ऑनलाइन टाकलेत. ते वाचताना नावापेक्षा काम शोध, नाव समितीचं असतं, काम सगळ्यांचं.

आणि घरमालकीणबाईंशी बोल, नुसतं "तुमची आई युद्धात काय करायची" असं विचारू नको, त्याला उत्तर "कारखान्यात होती" एवढंच येतं. आई कुठल्या ट्रामनं जायची? कपडे कुठे धुवायची, त्याला वास कसला यायचा? कानानं कमी ऐकू यायचं का? हाताला भाजल्याचे डाग होते का? तेव्हा तुम्हाला कोण सांभाळायचं, आणि त्या सांभाळणाऱ्या बाईचं नाव काय? हे शेवटचं नक्की विचार, एका घराचा शोध घेताना दुसरं घर सापडतं ते इथूनच. ट्रामचा मार्ग कळला की कारखाना दोन-तीनवर येतो. जुना फोटो असला तर मागची भिंत, क्रेनवरचा नंबर, बिल्ला, हे भिंगातून बघ आणि फोटो फ्रेममधून काढून मागच्या बाजूचाही स्कॅन घे.

एक अडचण येऊ शकते. रजिस्टरमध्ये ज्यांच्या जन्माला अजून शंभर वर्षं झालेली नाहीत त्यांच्या ओळी झाकलेल्या असतात. आईच्या जन्माला शंभर वर्षं झाली नसतील आणि ओळ काळी दिसली तर घाबरू नको, मृत्यूचा दाखला पाठवून ती उघडून घेता येते, अर्ज घरमालकीणबाईंच्याच नावानं कर म्हणजे सोपं जाईल.